फोटो सगळेच काढतात, मग तालुक्याचा प्रेस फोटोग्राफर गेला कुठे?

विशेष विश्लेषण

पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की दहा मिनिटांत गावाच्या ग्रुपवर वीस फोटो पडतात. एस.टी. उलटली, बिबट्या दिसला, गारपीट झाली, झेडपीच्या शाळेचे पत्रे उडाले, फोटो हजर! मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, नेटही आहे. मग बातमीचा फोटो काढायला वेगळा माणूस पाहिजेच कशाला, असं कुणालाही वाटेल. वर्तमानपत्रांच्या मालकांनाही तेच वाटलं.

पण त्याच ग्रुपवर आणखी एक गोष्ट घडते. वीसमधले दोन फोटो भलत्याच पुलाचे निघतात, एखादा तीन वर्षांपूर्वीच्या पुराचा असतो. खरा फोटो घेऊन कुणी तहसील कार्यालयात गेलं, तर साहेब विचारतात, "हा कुठला? कधीचा? काढला कुणी?" आणि उत्तर येतं, "ग्रुपवर आला होता साहेब." फाईल तिथंच थांबते.

म्हणून हा विषय फक्त फोटोग्राफरांच्या पोटापाण्याचा नाही, तुमच्या-आमच्या गावाचाही आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा धंदा उलटापालटा झाला. फोटोग्राफरांनी जगायच्या वाटा शोधल्या आणि बऱ्याच जणांना त्या सापडल्यासुद्धा. मात्र त्या वाटेवर बातमीचा फोटो मागे पडला. तो कसा, हे जरा नीट पाहू.

रोल, एस.टी. आणि पाकीट

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. तालुक्याच्या बाजारपेठेत एक-दोन फोटो स्टुडिओ असायचे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, शाळेचे ग्रुप फोटो हा त्यांचा धंदा. त्यातलाच एखादा वर्तमानपत्रालाही फोटो द्यायचा. रोलमध्ये ३६ फोटो बसत, त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार करावा लागे. रोल धुवायचा, प्रिंट काढायची, मागच्या बाजूला पेनानं गाव, तारीख, प्रसंग आणि स्वतःचं नाव लिहायचं. मग ते पाकीट बातम्यांसोबत एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. जिल्ह्याच्या स्टँडवर पेपरचा माणूस ते उतरवून घ्यायचा. आजच्या मोर्चाचा फोटो परवाच्या अंकात यायचा.

पैसे तेव्हाही फार नव्हते. छापून आलेल्या फोटोमागे ठरलेलं मानधन मिळायचं, तेही उशिरा. पण बाजारात मान होता. आणि प्रिंटच्या मागे पेनानं लिहिलेल्या त्या चार ओळी होत्या. फोटो कुठला, कधीचा, कुणाचा, हे त्या सांगायच्या. या चार ओळी लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

एकामागून एक धक्के

पहिला धक्का डिजिटल कॅमेऱ्याचा. गंमत अशी की पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅक कंपनीच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं बनवला होता. रोल विकून मोठी झालेली ही कंपनी मात्र रोलमध्येच अडकून राहिली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तोवर आपल्याकडच्या डार्करूमही बंद पडल्या होत्या. फोटोग्राफरनं कर्ज काढून डिजिटल कॅमेरा घेतला, कॉम्प्युटर घेतला, फोटोशॉप शिकून घेतलं. हा बदल त्यानं पचवला.

दुसरा धक्का मोबाईलचा. ३० मे २०१३ रोजी अमेरिकेतल्या 'शिकागो सन-टाइम्स' या मोठ्या वर्तमानपत्रानं आपल्या सगळ्याच्या सगळ्या २८ पूर्णवेळ फोटोग्राफरना एका दिवसात घरी पाठवलं. त्यात जॉन व्हाइट हे पुलित्झर पुरस्कार मिळालेले फोटोग्राफरही होते. बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचं शिकवायचं आणि बाकीचं काम बाहेरून करून घ्यायचं, असं ठरलं. पुढे कामगार संघटनेशी झालेल्या करारात त्यातल्या मोजक्या लोकांना परत घेतलं गेलं. जगभरच्या फोटोग्राफरना मात्र कळायचं ते कळलं.

आपल्याकडे तो बदल गाजावाजा न होता आला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो हाच जिल्हा कार्यालयाला पुरेसा वाटू लागला. फुकट मिळत असताना मानधन कोण देणार? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पेपरची पानं कमी झाली, जाहिराती आटल्या, पगार कापले गेले, माणसं कमी झाली. कपात आली की फोटोग्राफरचं नाव यादीत वर असतं. "बातमीदार काढेल की मोबाईलवर" हे वाक्य तयारच असतं.

तीन फोटो आठवून बघा

बातमीचा फोटो काय करतो, हे आपण तीन उदाहरणांवरून पाहू. तिन्ही महाराष्ट्रातली आहेत.

पहिलं, २६ नोव्हेंबर २००८. मुंबईच्या सीएसटी स्टेशनात गोळीबार सुरू होता. लोक बाहेर पळत होते, तेव्हा 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा घेऊन आत गेले. हातात बंदूक घेतलेल्या कसाबचा त्यांनी काढलेला फोटो जगभर गेला. पण त्यांचं काम तिथं संपलं नाही. डिसूझा कोर्टात साक्षीला उभे राहिले. हा फोटो मी काढला, इथं काढला, या वेळी काढला, हे सांगणारा माणूस होता, म्हणून तो फोटो पुरावा झाला.

दुसरं, मार्च २०१८. नाशिकहून निघालेला शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचला. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना त्रास नको, म्हणून शेवटचा टप्पा या लोकांनी रात्रीतून चालून पार केला. मागण्या काय होत्या ते शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नव्हतं. फोड आलेल्या, सोललेल्या तळपायांचे फोटो मात्र सगळ्यांनी पाहिले. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले, ते ते पाय पाहून. त्याच दिवशी सरकारनं बहुतेक मागण्या मान्य करून लेखी आश्वासन दिलं. ते सगळं फोटोमुळे झालं असं नाही, चालणाऱ्यांमुळे झालं. पण पायांकडे कॅमेरा वळवायचं सुचायला नजर लागते. व्यासपीठावरच्या भाषणाचा फोटो तर कुणीही काढतं.

तिसरं, ८ मे २०२०. औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून ते पायी गावाकडे निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांचा फोटो ज्यानं पाहिला, तो आजही विसरलेला नाही. लॉकडाऊन असताना, पहाटेच्या बातमीनंतर कुणीतरी तिथं पोहोचलं, म्हणून तो फोटो आहे.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. तिथं जाणं हे कुणाचं तरी काम होतं. जाण्या-येण्याचा खर्च, कॅमेरा, पगार किंवा मानधन यांची थोडीफार व्यवस्था मागे होती. व्यवस्था काढून घेतली की उरतो तो योगायोग. कुणी जवळ असेल तर फोटो निघेल, नाहीतर नाही.

फोटोग्राफर जगला कसा?

आता तालुक्याच्या फोटोग्राफरकडे वळू. त्यानं काय काय केलं?

लग्नकार्य तर होतंच. पण आता करिष्मा अल्बमनं भागत नाही. प्री-वेडिंग, सिनेमॅटिक व्हिडिओ, हळदीचं रील, सगळं लागतं. लगीनसराईचे चार महिने तो वर्षाची कमाई करतो. त्या दिवसांत बातमीसाठी त्याला सवड नसते, आणि नेमका तोच उन्हाळा असतो, टँकरच्या रांगांचा आणि कोरड्या विहिरींचा.

काहींनी ड्रोन घेतला. पूर, यात्रा, कुस्त्यांचं मैदान, द्राक्षबागा वरून दाखवता येतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनी बऱ्याच गोष्टी सोप्या केल्या. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण त्यापेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा असेल तर ते लागतं, आणि विमानतळासारख्या भागात कुठलाही ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. हे ठाऊक नसताना उडवणारे बरेच आहेत.

काहींनी स्वतःचं यूट्यूब चॅनल काढलं किंवा पोर्टलसाठी काम धरलं. इथं एकाच माणसानं फोटो काढायचा, व्हिडिओ घ्यायचा, बाईट घ्यायचा, मथळा लिहायचा आणि गाडीवर बसल्या बसल्या अपलोड करायचं. वेग आला, पण थांबून पाहणं गेलं. मोर्चात पायांकडे बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आता लाइव्ह करण्यात जातात.

आणि बऱ्याच जणांनी नेत्यांची कामं धरली. आमदार, झेडपी सदस्य, कारखान्याचे चेअरमन, इच्छुक उमेदवार, सगळ्यांना आता रोज फोटो लागतात. भूमिपूजन, वाढदिवस, दहाव्याला दिलेली भेट, सगळं सोशल मीडियावर टाकायचं असतं. महिन्याचे ठराविक पैसे मिळतात, वेळेवर मिळतात. यात चोरी काही नाही. घर चालवायचं तर काम करावंच लागतं.

वेगळी वाट चाललेलेही आहेत. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेली 'पारी' ही वेबसाइट फक्त ग्रामीण भारतावर काम करते, मराठीतही वाचता येते. शेतमजूर, ऊसतोड कामगार, मेंढपाळ, कारागीर यांच्यावर तिथं दमानं काढलेले फोटो आणि सविस्तर मजकूर येतो. देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या मदतीवर ती चालते. हे काम मोठं आहे, पण अशी जागा प्रत्येक तालुक्यात उभी राहत नाही.

ज्याचे पैसे, त्याचाच फोटो

इथंच खरी मेख आहे. लग्नाच्या फोटोला नवरी-नवऱ्याचे घरचे पैसे देतात. भूमिपूजनाच्या फोटोला नेता पैसे देतो. ड्रोन शूटला यात्रा कमिटी देते. पण भूमिपूजनानंतर सहा महिन्यांत उखडलेल्या त्याच रस्त्याच्या फोटोला पैसे कोण देणार? हंडा घेऊन दोन तास उभ्या असलेल्या बाईच्या फोटोचं बिल कुणाच्या नावानं करायचं?

आणि ज्यानं सकाळी नारळ फोडतानाचा फोटो काढला, त्यानं संध्याकाळी त्याच कामातली लबाडी दाखवायची हिंमत कशी करावी? दोष त्या फोटोग्राफरला देऊन उपयोग नाही. पैशाचा रस्ता जिकडे वळला तिकडे कॅमेरा वळला. गाव मात्र चौकटीबाहेर राहिलं. आज आपल्या तालुक्यातल्या कार्यक्रमांचे हजारो फोटो सापडतील, पण बंद पडलेल्या उपकेंद्राचा एक धड फोटो शोधायला गेलं तर दमछाक होईल.

कायद्याचीही एक अडचण आहे. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी विधिमंडळानं २०१७ साली कायदा मंजूर केला. त्यात वृत्तछायाचित्रकाराचा उल्लेख आहे. पण पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटावर आहे, त्याला हे संरक्षण आहे. पोटासाठी लग्नं करणारा आणि बातमीचा फोटो मधूनमधून देणारा माणूस त्यात बसतो का, यावर वाद होऊ शकतो. वाळूच्या ट्रॅक्टरचा फोटो काढायला निघालेल्याला हा प्रश्न पुस्तकी नाही. दरवर्षी १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिनी शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होतो. ३६४ दिवस त्याच्या पाठीशी कोण, ते कुणी विचारत नाही.

आता तर काढलाही नसलेला फोटो येतो

या सगळ्यात एआयची भर पडली आहे. २२ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचा फोटो पसरला. स्फोट झालाच नव्हता, फोटो बनावट होता. तरी काही मिनिटं अमेरिकेचा शेअर बाजार हलला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकारानं सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं आणि सांगितलं, हे चित्र कॅमेऱ्यानं काढलेलंच नाही, एआयनं बनवलंय. परीक्षकांना फसवता येतं, तिथं गावच्या ग्रुपची काय कथा?

यावर कॅमेरा कंपन्यांनी उपाय शोधायला घेतला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायका कंपनीनं असा कॅमेरा आणला, जो फोटोसोबत त्याची जन्मकुंडलीच बंद करून ठेवतो. फोटो कोणत्या कॅमेऱ्यातून निघाला, नंतर त्यात काय बदल केला, ते तपासता येतं. थोडक्यात, प्रिंटच्या मागे पेनानं लिहिलेल्या त्या चार ओळी परत आल्या. कॅमेरा भयंकर महाग आहे, तो तालुक्यात यायचा नाही. पण त्यातला धडा फुकट आहे. नुसत्या चित्राला आता किंमत नाही. "मी तिथं होतो" असं सांगणाऱ्या माणसाला किंमत आहे.

सरकारचा अनुभवही हेच सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पिकाचा फोटो ॲपवर टाकतो. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो घ्यायची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून झाली. फोटोवर वेळ आणि ठिकाण आपोआप येतं, म्हणजे घोटाळा थांबेल, असा हिशेब होता. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयालाच पत्र काढून सांगावं लागलं की, ठिकठिकाणी जुन्याच फोटोचा फोटो काढून टाकला जातोय, कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जाताहेत. मशिनचा शिक्का होता, पण त्यामागं जबाबदार माणूस नव्हता.

मग करायचं काय?

फोटोग्राफर मंडळींसाठी आधी. तुमचा हक्क समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच. वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेला असेल तर छापण्याचा हक्क पेपरचा, पण वेगळा करार नसेल तर बाकीचे हक्क तुमचेच राहतात. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल, तर करार नसल्यास मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणून काम धरताना दोन ओळी का होईना, लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरचा मेसेजही काहीच नसण्यापेक्षा बरा. आणि नेत्याचं काम करत असाल तर ते वाचकापासून लपवू नका. ज्याचे पैसे घेता त्याच्याविषयीचा फोटो बातमी म्हणून देऊ नका. नाव टिकलं तर धंदा टिकेल.

आता वाचक मंडळींसाठी. तुमच्या हातातला मोबाईल हा आज तालुक्याचा सर्वात मोठा कॅमेरा आहे. फक्त त्याला त्या चार ओळींची सवय लावायची आहे. नुकसानीचा, अपघाताचा, निकृष्ट कामाचा फोटो काढलात तर एक फोटो लांबून घ्या, ज्यात शाळा, देऊळ, मैलाचा दगड अशी ओळखीची खूण दिसेल. एक जवळून घ्या. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. सोबत गाव, तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव लिहा. नाव छापायचं नसेल तर तसं सांगा, पण आम्हाला ते कळू द्या.

प्रकरण कोर्टात जायची शक्यता असेल तर हे आणखी महत्त्वाचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधला फोटो पुरावा म्हणून देताना ठराविक नमुन्यात प्रमाणपत्र जोडावं लागतं. फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोसाठी असं प्रमाणपत्र देणार कोण? ज्यानं काढला, ज्याच्या मोबाईलमध्ये मूळ फाईल आहे, त्याच्यापर्यंत पोहोचावंच लागतं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. तो आमच्यासारख्या पोर्टलांनाही चुकलेला नाही. ग्रुपवरून उचललेला फोटो फुकट पडतो, आणि जाऊन काढलेल्या फोटोला पेट्रोल लागतं. पण बातमीखाली फोटोग्राफरचं नाव टाकायला पैसे लागत नाहीत, आणि त्याला मानधन द्यायचं ठरवलं तर जाहिरातीतला थोडा वाटा बाजूला काढता येतो. वाचकांनी तसा आग्रह धरला तर पोर्टलवाल्यांना तो मोडता येणार नाही. गावागावांतली तरुण मंडळं गणपतीत डीजेवर जेवढा खर्च करतात, त्याच्या एका तुकड्यात गावाच्या वर्षभराच्या कामांचे फोटो एखाद्या स्थानिक फोटोग्राफरकडून काढून घेता येतील. रस्ता होण्याआधी, होताना आणि पहिल्या पावसानंतर. ग्रामसभेत ते पडद्यावर लावले तर भाषणं आपोआप आखूड होतील.

आजच्या आज करता येईल अशी एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर पुराचा, बिबट्याचा, मारामारीचा फोटो आला की पुढे ढकलण्याआधी विचारा: कुठला आहे, कधीचा आहे, काढला कुणी? उत्तर आलं नाही, तर फोटो तुमच्याच मोबाईलवर थांबू द्या.